उतारा वाढला, कस राखला काय?

सुगी आटोपून खळ्यावर रास पडली की पहिला प्रश्न एकच असतो : एकरी किती पोती उतरली? बांधाचा शेजारी हाच प्रश्न विचारतो, बाजारातील अडत्या हाच विचारतो, आणि पीक-स्पर्धेच्या तक्त्यातही याच आकड्यासाठी रकाना आखलेला असतो. शेतीचे यश मोजण्याचे हे माप जुने आहे, सोपे आहे आणि ते खोटे आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु या मापात एक उणीव आहे. पोत्यात धान्य किती भरले हे ते सांगते. त्या धान्यात काय भरले आहे हे मात्र सांगत नाही.

गावोगावची वडीलधारी माणसे एक तक्रार नेहमी करतात. भाकरीला पूर्वीची चव नाही, भाजीत सत्त्व उरले नाही, असे त्यांचे म्हणणे असते. तरुण मंडळी ही म्हातारपणाची कुरकूर समजून सोडून देतात. उलट काही जण सारा दोष रासायनिक खतांच्या माथी मारून मोकळे होतात. दोन्ही मते उतावीळ आहेत. तक्रारीत तथ्य किती, दोष कोणाचा आणि उपाय कोणाच्या हाती, हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत व त्यांचा विचारही वेगवेगळा झाला पाहिजे. चव ज्याच्या त्याच्या जिभेची असते. परंतु लोह, जस्त, प्रथिने व जीवनसत्त्वे ही प्रयोगशाळेत मोजता येतात. गेल्या काही वर्षांत ती मोजली गेली आहेत, आणि त्या मोजणीने या प्रश्नावर बराच प्रकाश पडला आहे.

प्रश्न केवळ अभ्यासकांच्या कुतूहलाचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के आणि ६ ते ५९ महिने वयाच्या बालकांपैकी सुमारे ६९ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आढळली. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत आणि ती सर्व शेतात सापडणार नाहीत. तथापि ज्या घरात पोट भरण्याचे मुख्य साधन भाकरी, पोळी किंवा भात आहे, त्या घरात धान्यातील लोह व जस्त कमी झाले तर ती तूट भरून काढण्यास दूध, फळे, अंडी किंवा मांस पुरेसे मिळतेच असे नाही. श्रीमंताच्या ताटात दहा पदार्थ असतात. गरिबाच्या ताटात भाकरीच सर्व काही असते. म्हणून धान्याचा कस हा प्रथम गरिबाचा प्रश्न आहे, आणि धान्य पिकविणारा अल्पभूधारक व शेतमजूर त्यातच मोडतात.

बरणीत जपलेला गहू

या विषयावरील सर्वांत बोलका पुरावा इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील शेतात मिळाला. जॉन लॉज व जोसेफ गिल्बर्ट या दोघांनी १८४३ साली ब्रॉडबाक नावाच्या शेतात गव्हाचा एक प्रयोग सुरू केला. एका पट्ट्यास काहीच खत द्यावयाचे नाही, दुसऱ्यास दरवर्षी शेणखत द्यावयाचे, इतरांस निरनिराळी रासायनिक खते द्यावयाची, असा तो प्रयोग आहे आणि तो आजतागायत चालू आहे. त्याहून महत्त्वाचे हे की, प्रत्येक काळातील धान्याचे व मातीचे नमुने तेथे बाटल्यांत व डब्यांत भरून जपून ठेवण्यात आले. दीडशे वर्षांपूर्वीचा दाणा आणि अलीकडचा दाणा एकाच यंत्रावर, एकाच पद्धतीने तपासण्याची सोय त्यामुळे झाली.

या तपासणीचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. १८४५ पासून १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत गव्हातील जस्त, लोह, तांबे व मॅग्नेशियम यांचे प्रमाण जवळजवळ स्थिर होते. त्यानंतर ते स्पष्टपणे घसरत गेले. ही घसरण नेमकी त्याच सुमारास सुरू झाली, ज्या सुमारास त्या शेतात बुटक्या, भरघोस उत्पन्नाच्या जातींचा पेरा सुरू झाला. मातीत मात्र या द्रव्यांचा साठा कमी झालेला नव्हता. कोठे तो तितकाच होता, तर कोठे वाढला होता. आणि ज्या गोष्टीकडे विशेष लक्ष वेधले पाहिजे ती अशी की, रासायनिक खताच्या पट्ट्यात जी घसरण दिसली, तीच शेणखताच्या पट्ट्यात दिसली आणि काहीच खत न दिलेल्या पट्ट्यातही दिसली.

‘रासायनिक खताने धान्याचे सत्त्व गेले’ हे सरसकट विधान या एका निष्कर्षापुढे टिकत नाही. ज्या पट्ट्यास खताचा कणही मिळाला नाही तेथेही दाणा निकस झाला असेल, तर मूळ कारण खताच्या पोत्यात नसून बियाण्याच्या पिशवीत शोधावे लागते.

भारतातील अनुभवही याच दिशेचा आहे. पश्चिम बंगालमधील बिधानचंद्र कृषी विश्वविद्यालयातील संशोधकांनी वेगवेगळ्या दशकांत प्रसारित झालेल्या भात व गव्हाच्या जातींचे बियाणे मिळवून ते एकत्र वाढविले व त्यांच्या दाण्यांची तपासणी केली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार १९६० नंतरच्या दशकातील गव्हाच्या जातींत दर किलोस सरासरी ३३.३ मिलिग्रॅम जस्त व ५७.६ मिलिग्रॅम लोह होते. २०१० नंतरच्या जातींत ते अनुक्रमे २३.५ व ४६.४ मिलिग्रॅमवर आले. भातातही असाच उतार आढळला. रोज ३०० ग्रॅम गहू खाणाऱ्या माणसास जुन्या जातींपासून सुमारे १० मिलिग्रॅम जस्त मिळाले असते. नव्या जातींपासून ते ७ मिलिग्रॅम मिळते. प्रौढ पुरुषास दररोज १७ व स्त्रीस सुमारे १३ मिलिग्रॅम जस्त लागते, असे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशी सांगतात. तीन मिलिग्रॅमची ही तूट वरवर पाहता क्षुल्लक दिसते. पण ती रोजची आहे आणि घरातील प्रत्येकाची आहे.

भाजीपाल्यासंबंधी अमेरिकेत झालेली तुलनाही उल्लेखनीय आहे. टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी १९५० व १९९९ या दोन वर्षांचे सरकारी अन्न-पृथक्करणाचे तक्ते घेऊन ४३ भाज्या व फळे यांची तुलना केली. त्यांत प्रथिने, कॅल्शियम, फॉस्फरस, लोह, रायबोफ्लेविन व क जीवनसत्त्व या सहा घटकांत घट आढळली. प्रथिनांत ती सुमारे ६ टक्के तर रायबोफ्लेविनमध्ये सुमारे ३८ टक्के होती. बाकीच्या सात घटकांत मात्र निश्चित घट दिसली नाही. जुन्या व नव्या तक्त्यांची तुलना करताना पृथक्करणाच्या पद्धती बदललेल्या असतात, हे ध्यानात ठेवावे लागते. म्हणूनच बाटलीत जपलेल्या नमुन्याचा किंवा एकत्र वाढविलेल्या जातींचा पुरावा अधिक भरवशाचा मानला पाहिजे.

दुधात पाणी वाढावे तसे

असे का घडते? याचे उत्तर गोठ्यातील उदाहरणाने सहज समजेल. शेरभर दुधात शेरभर पाणी घातले तर दूध दोन शेर होते, पण त्यातील लोणी वाढत नाही. दाण्यातही काहीसे असेच घडते. नव्या जातींची निवड करताना पैदासकारांनी जास्त व भरदार दाणे, आखूड ताट आणि तांबेऱ्याचा प्रतिकार यांवर लक्ष ठेवले. झाडाने तयार केलेला पिष्टमय पदार्थ पेंढ्यात कमी व दाण्यात अधिक जाऊ लागला. दाण्यांची रास वाढली. परंतु मुळांनी मातीतून शोषलेले व पानांतून दाण्याकडे वळविलेले जस्त आणि लोह त्या प्रमाणात वाढले नाही. तेवढेच खनिज अधिक पिष्टात वाटले गेले. शास्त्रज्ञ यास विरळतेचा परिणाम म्हणतात.

यात पैदासकारांना दोष देणे कृतघ्नपणाचे होईल. १९६६ साली मेक्सिकोतून १८,००० टन बुटक्या गव्हाचे बियाणे भारताने आणले, तेव्हा देश परदेशी धान्याच्या जहाजांकडे डोळे लावून बसला होता. १९५०-५१ मध्ये देशाचे अन्नधान्य उत्पादन सुमारे ५ कोटी टन होते. २०२२-२३ मध्ये ते सुमारे ३३ कोटी टन झाले. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना या आकड्यांचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. रिकाम्या पोटाला जस्ताचे प्रमाण सांगून उपयोग नसतो. त्या काळी पोते भरणे हेच पहिले कर्तव्य होते आणि ते पार पडले. प्रश्न इतकाच आहे की, पोते भरल्यानंतरही तेच एक माप का वापरीत राहावे?

जमिनीच्या खात्यावरील उचल

बियाणे हे पहिले कारण झाले. जमीन हे दुसरे. रॉथॅमस्टेडच्या मातीत खनिजांचा साठा टिकून होता. आपल्याकडील जमिनींची स्थिती तशी नाही. येथे एक साधा हिशेब मांडून पाहावा. हेक्टरी १० क्विंटल गहू देणाऱ्या जुन्या जातीचा दाणा किलोस ३३.३ मिलिग्रॅम या प्रमाणाने सुमारे ३३ ग्रॅम जस्त शेतातून उचलून नेतो. हेक्टरी ४० क्विंटल देणाऱ्या नव्या जातीचा दाणा २३.५ मिलिग्रॅम या कमी प्रमाणानेही ९४ ग्रॅम जस्त नेतो. म्हणजे दाणा निकस होत असतानाच जमिनीवरील उचल जवळजवळ तिपटीने वाढते. त्यात वर्षातून एकाऐवजी दोन-तीन पिके घेतली, पेंढा विकला, पाचट जाळले आणि शेणाच्या गोवऱ्या झाल्या, तर जमिनीच्या खात्यावर नुसतेच खर्चाचे रकाने उरतात.

भारतातील मातीच्या नमुन्यांच्या देशव्यापी तपासणीत सुमारे ३६.५ टक्के नमुन्यांत जस्ताची कमतरता आढळली आहे. नव्या बियाण्याचा प्रसार ज्या वर्षी झाला त्याच १९६६ साली उत्तरेकडील तराई भागात पंतनगर येथे भातावरील ‘खैरा’ हा विकार जस्ताच्या कमतरतेने होतो, हे उघड झाले. महाराष्ट्रातील काळ्या, चुनखडीयुक्त व विम्ल जमिनींत अडचण आणखी वेगळी आहे. तेथे लोह व जस्त मातीत असूनही मुळांना मिळेल अशा रूपात राहत नाही. भुईमुगाची किंवा उसाची पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, हे दृश्य अशा जमिनीत अनेकांनी पाहिले असेल. भुकेले झाड सकस दाणा देईल अशी अपेक्षा करणे व्यर्थ होय.

येथे खतांच्या वापरासंबंधी स्पष्ट बोलले पाहिजे. दोष खताचा नाही. एकाच खताच्या हव्यासाचा आहे. गव्हास योग्य प्रमाणात नत्र दिले तर दाण्यातील प्रथिने वाढतात, आणि नत्राच्या पुरवठ्याने जस्त व लोह दाण्यापर्यंत पोचण्यासही साहाय्य होते. परंतु युरिया स्वस्त, म्हणून तोच पुनःपुन्हा टाकावयाचा; २०१० मध्ये पोषक-घटकांवर आधारित अनुदानाची पद्धत आली तीतूनही युरिया बाहेरच राहिला, आणि तराजू नत्राकडे झुकलेला राहिला. स्फुरद गरजेपेक्षा अधिक झाले की ते झाडाला जस्त घेऊ देत नाही. सुपर फॉस्फेटबरोबर नकळत जमिनीला गंधक मिळत असे. त्याची जागा डायअमोनियम फॉस्फेटने घेतल्यावर तो पुरवठा आटला. गंधकाशिवाय डाळींतील प्रथिने व गळिताच्या धान्यांतील तेल दोन्ही उणी पडतात. पालेभाज्यांवर नत्राचा मारा केला तर पाने लुसलुशीत व गर्द हिरवी दिसतात, वजनही भरते; मात्र त्यांतील क जीवनसत्त्व घटते आणि नायट्रेट साठून राहते. बाजारात जी जुडी सर्वांत टवटवीत दिसते तीच सर्वांत सकस असेल, असे समजू नये.

सेंद्रिय शेतीने हा सारा प्रश्न आपोआप सुटेल काय, असे विचारले जाते. सेंद्रिय व रासायनिक पद्धतींच्या मालाची तुलना करणाऱ्या संशोधनाचे निष्कर्ष एकमुखी नाहीत, आणि ब्रॉडबाकच्या शेणखताच्या पट्ट्याने काय दाखविले ते वर सांगितलेच आहे. शेणखत, कंपोस्ट व हिरवळीची खते यांचे मोल वेगळ्या ठिकाणी आहे. ती जमिनीतील सेंद्रिय द्रव्य वाढवितात, आणि त्या द्रव्याच्या आधाराने लोह व जस्त मुळांना मिळण्याजोग्या रूपात टिकतात. यास्तव सेंद्रिय खत हे रासायनिक खताचे वैरी न मानता त्याचे जोडीदार मानणे हेच शहाणपणाचे आहे.

ताटातून उठून गेलेली पिके

दाण्यातील घट मोजता येते. पण दाट लागवडीच्या शेतीने आणखी एक घट केली आहे, जी कोणत्याही पृथक्करणाच्या तक्त्यात सापडत नाही. पूर्वी बाजरीच्या शेतात तूर, मटकी, हुलगा असे. खरीप ज्वारीत मूग, उडीद व अंबाडीच्या ओळी असत. रब्बी ज्वारीच्या कडेने करडई असे. एका शेतातून भाकरी, डाळ, उसळ व तेल एवढे सर्व घरी येई. आज विदर्भ-मराठवाड्यातील खरीप ज्वारीची जागा मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली आहे. सोयाबीन हे प्रथिनांनी समृद्ध पीक खरे. परंतु ते शेतातून थेट बाजारात जाते, बाजारातून तेलाच्या कारखान्यात जाते आणि पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. पिकविणाऱ्याच्या चुलीपर्यंत त्यातील फारसे काही येत नाही. ज्वारी गेली तशी कडब्याची गंजी गेली, गंजी गेली तसे गोठ्यातील जनावर कमी झाले, आणि जनावराबरोबर घरचे दूध व शेताचे शेणखत अशा दोन्ही वस्तू गेल्या.

रानभाज्यांचेही तसेच झाले. तांदुळजा, घोळ, पाथरी, कुर्डू, चिवळ या भाज्या कोणी पेरीत नसे. खुरपणी करता करता बाया त्या ओट्यात भरून घरी आणीत आणि संध्याकाळची भाजी होई. लोह, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे यांचा हा पुरवठा बिनपैशाचा होता. मजुरीची टंचाई व वाढता खर्च यांमुळे तणनाशकाची फवारणी आली. तिची निकड कोणी नाकारणार नाही. पण ज्या गवतास तण म्हणून जाळले, त्यातच घरची भाजी होती, याची नोंद खर्चाच्या वहीत कोणी केली नाही. एकरी उत्पन्न वाढले, त्यात ही वजाबाकी धरलेली नाही.

उपाय आहेत, आणि ते जवळच आहेत

या चित्राने निराश होण्याचे कारण नाही. निकस होण्यामागे जसे मनुष्याचे हात होते, तसे सकस करण्यामागेही असू शकतात, आणि याचे पुरावे देशात व परदेशात आहेत. फिनलंडच्या जमिनीत सेलेनियम अत्यल्प, त्यामुळे धान्यातही ते अत्यल्प असे. तेथील सरकारने १९८४ साली निर्णय घेऊन मिश्रखतांतून सेलेनियम देण्यास प्रारंभ केला. काही वर्षांतच धान्य, दूध व मांस यांतील आणि लोकांच्या रक्तातील सेलेनियम वाढले. तुर्कस्तानात मध्य अनातोलियाच्या चुनखडीच्या जमिनींना १९९० नंतरच्या दशकात जस्त मिळू लागले, तेव्हा गव्हाचा उतारा आणि दाण्यातील जस्त दोन्ही वाढले. खत हे दाण्याचा कस घालविणारेच असते, या समजुतीस ही चोख उत्तरे आहेत. योग्य ते खत योग्य जागी दिले तर ते कस वाढविते.

महाराष्ट्राला तर बियाण्याच्या बाबतीत दूर पाहण्याची गरज नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हैदराबादजवळील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था, इक्रिसॅट, हिच्या सहकार्याने ‘धनशक्ती’ ही बाजरीची जात २०१२ साली राज्यात प्रसारित केली. तिच्या दाण्यात किलोस सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह व ४० मिलिग्रॅम जस्त असते, आणि ज्या जातीतून ती निवडली तिच्यापेक्षा तिचा उतारा कमी नसून काहीसा अधिकच आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने २०१८ साली ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी दिली. तिच्यात किलोस सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह व ३२ मिलिग्रॅम जस्त आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा ‘एमएसीएस ४०२८’ हा बन्सी गहू तर बुटका असूनही १४.७ टक्के प्रथिने आणि किलोस सुमारे ४६ मिलिग्रॅम लोह व ४० मिलिग्रॅम जस्त बाळगून आहे. बुटकेपणा व निकसपणा यांची गाठ ब्रह्मदेवाने मारलेली नाही, हे यावरून दिसते. पैदासकाराने ज्याकडे लक्ष दिले ते वाढले. ज्याकडे दिले नाही ते घटले.

अशा धान्याने खरोखर अंगी काही लागते काय, याचीही परीक्षा झालेली आहे. ग्रामीण महाराष्ट्रातील १२ ते १६ वर्षांच्या २४६ विद्यार्थ्यांस सहा महिने दिवसातून दोन वेळा बाजरीची भाकरी देण्यात आली; काहींना नेहमीच्या बाजरीची, तर काहींना अधिक लोहाच्या बाजरीची. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अधिक लोहाची भाकरी खाणाऱ्या मुलांच्या शरीरातील लोहाचा साठा वाढलेला आढळला; ज्या मुलांत प्रारंभी लोहाची कमतरता होती, ती या भाकरीने भरून निघण्याचा संभवही नेहमीच्या भाकरीपेक्षा अधिक होता. त्या मुलांच्या जेवणाची रीत बदलावी लागली नाही. भाकरी तीच राहिली. फक्त तिचे बी बदलले.

शेतकऱ्याने आपल्या शेतापुरते काय करावे, याची यादी लांब नाही. पहिली गोष्ट, माती तपासून घ्यावी व त्यात सूक्ष्म द्रव्यांची तपासणी वगळू नये. २०१५ पासून दिल्या जाणाऱ्या जमीन आरोग्य पत्रिकेत बारा बाबी असतात; पुष्कळ शेतकरी नत्र, स्फुरद व पालाश यांचे तीन आकडे वाचून ती घडी घालून ठेवतात. तिच्या खालच्या ओळींत जस्त, लोह, बोरॉन व गंधक यांचे आकडे असतात; तेही वाचावेत. मातीत उपलब्ध जस्त किलोस ०.६ मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर हेक्टरी २० ते २५ किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून द्यावे. स्फुरदयुक्त खतात ते मिसळू नये. गव्हासारख्या पिकावर फुलोरा ते दाणा दुधात असण्याच्या काळात अर्धा टक्का झिंक सल्फेट, म्हणजे १०० लिटर पाण्यात ५०० ग्रॅम व त्याच्या निम्मा चुना मिसळून, गाळून फवारले असता दाण्यातील जस्त वाढते. चुनखडीच्या जमिनीत हिराकस मातीत टाकून फारसा लाभ होत नाही. त्याची फवारणीच उपयोगी पडते. तपासणीत कमतरता नसेल तर मात्र यांपैकी काही देऊ नये. दुकानदाराचा आग्रह हे काही कमतरतेचे लक्षण नव्हे.

दुसरी गोष्ट, पाचट व धसकटे जाळू नयेत आणि कडधान्यांची फेरपालट सोडू नये. तिसरी गोष्ट, नगदी पिकाच्या शेतातही आठ-दहा गुंठे जागा घरच्या ताटासाठी राखावी. तेथे सकस जातीची ज्वारी किंवा बाजरी, दोन ओळी तुरीच्या, थोडी मटकी व बांधाला शेवगा असावा, आणि त्या तुकड्यात तणनाशक फिरवू नये. घरातील स्त्रियांना विचारून हा तुकडा आखला तर तो अधिक उपयोगी होईल. कारण ताटात काय कमी पडते हे त्यांनाच प्रथम कळते.

माप बदलल्यावाचून शेती बदलणार नाही

परंतु सारा भार शेतकऱ्यावर टाकून भागणार नाही. तो ज्या बाजारात उभा असतो तो बाजार दाण्याचा कस विचारीत नाही. ज्वारीचा भाव तिच्या पांढऱ्या शुभ्र रंगावर व मोत्यासारख्या टपोरेपणावर ठरतो. सरकारी खरेदीच्या केंद्रावर ओलावा, काडीकचरा, फुटका व किडका दाणा पाहतात. लोह किंवा प्रथिने कोणी पाहत नाही. मग सकस बियाणे पेरून शेतकऱ्यास चार पैसे अधिक मिळणार कोठून?

हे माप बदलता येणार नाही असे नाही. दूध जोवर मापाने विकले जात होते, तोवर त्यात पाणी घालण्याचा मोह सुटत नव्हता. स्निग्धांश मोजून भाव ठरू लागला तेव्हा पाण्याचा फायदा संपला आणि गवळी जनावराच्या खुराकाकडे लक्ष देऊ लागला. उसाचा रास्त व किफायतशीर दरही साखरेच्या उताऱ्याशी बांधलेला आहे. दुधाला व उसाला जो न्याय मिळाला, तो ज्वारी-बाजरीला का मिळू नये? पैदासकारांनी तर आपल्यापुरते माप बदलले आहे. अखिल भारतीय बाजरी संशोधन प्रकल्पाने २०१८ पासून नवी जात पुढे नेण्यासाठी दाण्यात किलोस किमान ४२ मिलिग्रॅम लोह व ३२ मिलिग्रॅम जस्त असावे, अशी अट घातली. बियाण्याच्या उगमापाशी जी चाळणी लागली, तीच खरेदीच्या केंद्रावरही लागली पाहिजे. शाळेतील पोषण आहार व अंगणवाडीतील आहार यांसाठी लागणारी ज्वारी-बाजरी त्याच तालुक्यातील, सकस जातींची आणि थोडा वरचा भाव देऊन घेतली गेली, तर शेतकऱ्याला प्रोत्साहन व बालकाला लोह एकाच व्यवहारात मिळेल. प्रत्येक पोत्याची तपासणी शक्य नसेल, तर प्रमाणित बियाण्याची पावती व गटागटाने घेतलेले नमुने एवढ्यावरही प्रारंभ होऊ शकेल.

भरलेले कोठार हा या देशाने कष्टाने मिळविलेला ठेवा आहे. त्याची हेटाळणी करून जुन्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. मात्र ज्या घरात धान्याची पोती थप्पीने रचलेली आहेत, त्याच घरात सून फिकट व नातू किरकोळ दिसत असेल, तर हिशेबात कोठेतरी चूक राहिली आहे, हे मान्य केले पाहिजे. येत्या हंगामात बियाणे घेताना शेतकऱ्याने एकरी उताऱ्याबरोबर आणखी एक प्रश्न दुकानदारास व कृषी सहायकास अवश्य विचारावा : या दाण्यात लोह किती, जस्त किती? हा प्रश्न गावोगाव विचारला जाऊ लागला, की त्याचे उत्तर देणारे बियाणे, खत आणि बाजार यांची तजवीज करणे सर्वांनाच भाग पडेल.